टेक्सोमा लेकवरची स्ट्रायपर ट्रिप: गाईड कसा होता, आणि मासेमारीत मुद्दाम आडवं येणाऱ्याला कायदा काय करतो

डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना कुठे न्यायचं या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू. टेक्सोमा लेकवर गाईड घेऊन अर्ध्या दिवसाची स्ट्रायपर या माशाच्या फिशिंगची ट्रिप केली, आम्ही दोघं, दोन मुलं आणि रत्नागिरीहून आलेले माझे सासरे (आमचे बाबा). ट्रिप भारी झाली, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पण एवढं लांबलचक लिहायला बसलेय ते नुसत्या माशांसाठी नाही. मध्येच एक माणूस जेटस्की घेऊन आला आणि आम्हाला तिथे मासे पकडू द्यायचेच नाहीत म्हणून त्याने जो धिंगाणा घातला, आणि आमच्या गाईडने तो ज्या शांतपणे हाताळला, ते सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं. असं काही झालं की आपली माणसं "जाऊ दे, परक्या देशात कशाला भांडण" म्हणत सामान गुंडाळून घरी येतात. खरं तर टेक्सासमध्ये हा सरळ सरळ गुन्हा आहे आणि त्याला दंड आणि जेल दोन्ही आहे.

गाईडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तो माणूस त्याच पाण्याच्या काठावर राहतो आणि गाईडला रोज तिथेच जायचं असतं.

आधी ट्रिपबद्दल. टेक्सोमा म्हणजे डॅलसपासून उत्तरेला सव्वा-दीड तासावर, टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या बॉर्डरवर, रेड रिव्हरवर डेनिसन धरण बांधलं १९४४ मध्ये त्याचं पाणी. प्रचंड मोठं आहे, साधारण ८९ हजार एकर, समोरचा काठ काही ठिकाणी दिसतच नाही. स्ट्रायपर म्हणजे स्ट्राइप्ड बास, हा मुळात समुद्रातला मासा, अंडी घालायला नदीत वर चढणारा, त्याला १९६५ पासून इथे आणून सोडला आणि रेड आणि वॉशिटा या दोन लांब नद्या मिळाल्यामुळे तो इथे आपोआप वाढायला लागला. बाकी बहुतेक तलावांमध्ये स्ट्रायपर दरवर्षी सोडावा लागतो, इथे नाही. म्हणून इथे इतके गाईड आहेत.

आमच्या गाईडने माणशी दीडशे डॉलरच्या आसपास घेतले, त्यात बोट, रॉड, आमिष आणि शेवटी मासे साफ करून देणं सगळं आलं. टिप वेगळी. लायसन्स मात्र आपलं आपण काढायचं. टेक्सोमासाठी एक वेगळं लेक टेक्सोमा लायसन्स मिळतं, १२ डॉलरचं, ३१ डिसेंबरपर्यंत चालतं आणि दोन्ही राज्यांच्या पाण्यात चालतं, म्हणजे बोट बॉर्डरच्या इकडे आहे की तिकडे याचं टेन्शन नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही तेच चालतं, बाबांना तेच काढून दिलं. १६ वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे लायसन्स लागत नाही.

पहाटे अंधारातच निघालो. गाईडने आधी आमिषासाठी शॅड नावाचे छोटे मासे पकडले, आणि ते कसे, तर आपल्याकडचा पाग असतो ना तसंच गोल जाळं, कडेला शिशाचे मणी लावलेलं, एक कड दातात धरून गर्रकन फिरवून टाकलं. बाबा उभेच राहिले. "अरे हा तर आमच्या खाडीतला पाग!" त्यांचं सगळं लहानपण खाडीवर गरवण्यात गेलंय, त्यांना इंग्लिश फारसं येत नाही आणि गाईडला मराठीचा गंध नाही, पण पुढचा तासभर दोघांचं हातवाऱ्यांवर मस्त जमलं, बाबांनी एकदा टाकूनही पाहिला आणि तो पूर्ण गोल उघडला. साठीतला माणूस, सत्तरीतल्या माणसाला टाळी देतोय असं ते दृश्य होतं.

मुलांना बसतील अशा मापाची लाइफ जॅकेट बोटीत तयार होती, हे मला फार आवडलं. इथल्या कायद्याने २६ फुटांखालच्या चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट घातलेलंच पाहिजे, नुसतं बोटीत ठेवून चालत नाही. बरेच लोक मोठ्यांचंच जॅकेट मुलांच्या गळ्यात अडकवतात, त्याचा काही उपयोग नसतो, पाण्यात पडल्यावर पोर खालून निसटतं. बोट सोडायच्या आधी त्याने पाच मिनिटं नियम सांगितले, कोणी गळ फेकताना मागे कोण आहे ते बघायचं वगैरे, आणि त्यातच एक वाक्य होतं की पाण्यावर कोणी वाद घालायला आलं तर तुम्ही कोणीही बोलायचं नाही, ते माझं काम. तेव्हा वाटलं उगाच सांगतोय.

सकाळी आठ-साडेआठला मासे जोरात लागत होते. सीगल पक्षी पाण्यावर घिरट्या घालायला लागले की खाली स्ट्रायपरचा थवा शॅडला वर ढकलतोय असं समजायचं, पक्ष्यांच्या मागे बोट न्यायची आणि थोडं अलीकडेच थांबायचं. थोरल्याने दोन काढले, धाकटीला एक लागला तो ओढताना तीच पाण्यात जाते की काय अशी परिस्थिती. मग वारा वाढला म्हणून गाईडने बोट टेक्सासच्या बाजूच्या एका कोव्हमध्ये, म्हणजे काठात आत शिरलेल्या छोट्या खाडीसारख्या पाण्यात, नेली, काठावर मोठमोठी घरं, प्रत्येकाचा लाकडी धक्का. आम्ही धक्क्यांपासून चांगले लांब होतो, नांगर टाकून.

तिथे एका धक्क्यावरून एक माणूस ओरडायला लागला की हा माझा कोव्ह आहे, इथून निघा. गाईडने एकदाच, मोठ्या आवाजात पण अगदी सभ्यपणे उत्तर दिलं, "सर, हे पब्लिक वॉटर आहे, आम्ही लायसन्स घेऊन मासेमारी करतोय." तो माणूस आत गेला, आम्हाला वाटलं संपलं. दोन मिनिटांत जेटस्की घेऊन आला आणि आमच्या बोटीभोवती गोल गोल फिरायला लागला, इतक्या जवळून की पाणी आमच्या अंगावर उडत होतं, लाटांनी बोट इतकी हलायला लागली की धाकटी रडायला लागली, आणि एका फेरीत त्याने आमच्या एका गळाची दोरी तोडली. मासे तर गायबच झाले.

माझा नवरा उठून उभा राहिला आणि त्यालाही ओरडायला लागला. गाईडने खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मुलांना बोटीच्या मधोमध बसवलं, सगळ्या दोऱ्या आत घ्यायला सांगितल्या, मला म्हणाला फोन काढ आणि व्हिडिओ सुरू ठेव, फक्त एक शब्द बोलू नकोस. स्वतः जीपीएसवरची जागा आणि वेळ लिहून घेतली, जेटस्कीवरचा टीएक्सने सुरू होणारा नंबर मला मोठ्याने वाचून दाखवला म्हणजे तो व्हिडिओत आवाजात आला, आणि गेम वॉर्डनला, म्हणजे शिकार-मासेमारीचे कायदे राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, फोन लावला. बस. तो माणूस अजून थोड्या फेऱ्या मारून निघून गेला.

वॉर्डनची बोट यायला बराच वेळ लागला, पण आली. आणि आल्याआल्या वॉर्डनने काय केलं असेल तर आमचीच लायसन्सं मागितली. सगळ्यांची. बाबांचं फोनवर होतं ते दाखवलं. मग टाकीतले मासे मोजले, कारण टेक्सोमावर माणशी १० स्ट्रायपर आणि त्यातले २० इंच किंवा त्याहून मोठे फक्त २ चालतात. नवरा कुजबुजला की तक्रार आपण केली आणि चौकशी आपलीच? गाईडने नंतर समजावलं की त्याचं कारण कायद्यातच आहे.

टेक्सासच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ कोडमध्ये ६२.०१२५ असं कलम आहे, स्पोर्ट्समन्स राइट्स अॅक्ट म्हणतात त्याला. त्यात शिकार आणि मासेमारी दोन्ही येतात. कायदेशीरपणे मासे पकडणाऱ्या माणसाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणायचा नाही, हा पहिला भाग. दुसरा भाग असा की समोरच्याला मासे मिळू नयेत म्हणून माशांना मुद्दाम पळवून लावायचं नाही, म्हणजे पाण्यात दगड मारणं वगैरे त्यात आलं. तिसरा, तुमची मासेमारी बंद पाडायच्या इराद्याने सरकारी जमिनीवर येऊन थांबायचं नाही, किंवा मालकाला न विचारता खाजगी जमिनीत शिरायचं नाही. आणि फक्त गळ पाण्यात असतानाच संरक्षण आहे असं नाही, त्याच्या आधीची तयारी, कॅम्पिंगसुद्धा त्यात धरलंय. हे तोडलं तर क्लास बी मिसडेमीनर, मिसडेमीनर म्हणजे फेलनीपेक्षा (मोठ्या गुन्ह्यापेक्षा) खालच्या दर्जाचा गुन्हा. म्हणजे २००० डॉलरपर्यंत दंड, १८० दिवसांपर्यंत जेल, किंवा दोन्ही. कळावं म्हणून सांगते, टेक्सासमध्ये पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर तेही क्लास बीच. इतकं ते गंभीर धरतात.

पण यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे "कायदेशीरपणे". तुमच्याकडे लायसन्स नसेल, एखादा मासा मापापेक्षा लहान असेल किंवा मोजणीत जास्त निघाला तर हे कलम तुमच्या बाजूने उभंच राहत नाही. म्हणून वॉर्डनने आधी आमची तपासणी केली आणि मला ते एकदम पटलं. दुसरा शब्द "जाणूनबुजून". शनिवारी कोणीतरी स्पीकर लावून पार्टी बोट घेऊन बाजूने जातं, पोरं धक्क्यावरून उड्या मारतात, कोणी ट्यूब ओढत येतं आणि तुमचे मासे पळतात, यातलं काहीही गुन्हा नाही. पाणी त्यांचंही आहे. तुमची मासेमारी बंद पाडायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि म्हणूनच गाईडने पहिल्यांदाच मोठ्याने सांगून ठेवलं होतं की आम्ही मासेमारी करतोय. त्यानंतर त्या माणसाला "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय राहिली नाही.

हेतू सिद्ध करण्यात वेळ जातो, पण जेटस्कीच्या बाबतीत पाण्यावरचे साधे नियमही असतात आणि ते मला सगळ्यात उपयोगी वाटले. ज्या बोटीत कोणी मासे पकडतंय तिच्याभोवती गोल गोल बोट फिरवायची नाही, असा चक्क नियम आहे टेक्सासमध्ये. शिवाय जेटस्की दुसऱ्या बोटीच्या ५० फुटांच्या आत आली की अगदी हळू, नुसती पुढे सरकेल इतक्याच वेगाने चालवायची. असे नियम मोडले तर क्लास सी, म्हणजे बीपेक्षा हलका गुन्हा, २५ ते ५०० डॉलर दंड. यासाठी मनातला हेतू वगैरे शोधायला नको, व्हिडिओत गोल फेऱ्या दिसल्या की झालं. वॉर्डनने व्हिडिओ बघितला, आमचे सगळ्यांचे जबाब घेतले, त्या माणसाच्या धक्क्यावर गेला आणि फेऱ्यांबद्दल जागच्या जागी तिकीट दिलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर लहान मुलं बोटीत असताना असं करणाऱ्याला मोठं कलम लागलंच पाहिजे, नुसत्या तिकिटाने अशा माणसाचं काही बिघडत नाही.

आता उलट बाजू, कारण आपणही चुकू शकतो. पाणी पब्लिक असलं तरी धक्का खाजगीच. धक्क्याला बोट बांधायची नाही, त्यावर चढायचं नाही, गळ अडकला तर सोडवायला त्यावर उडी मारायची नाही. काठावरून मासे पकडत असाल तर तिथपर्यंत पोचायचा रस्ता कोणाच्या जमिनीतून जातो ते बघा, टेक्सासमध्ये झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले की ती "आत येऊ नका" अशी कायदेशीर पाटीच समजायची, शब्दांत काही लिहिलेलं नसलं तरी. आमच्या ओळखीत बऱ्याच जणांना ते पट्टे म्हणजे झाडं तोडायची खूण वाटतात! २०१५ मध्ये टेक्सासच्या लोकांनी मतदान करून मासेमारी आणि शिकारीचा हक्क राज्यघटनेत घातला, पण त्याच कलमात खाजगी मालमत्तेचे कायदे तसेच राहतील हेही लिहून ठेवलंय. आणि भांडण झालंच तर समोरच्याच्या दिशेने गळ किंवा शिशाचं वजन फेकणं म्हणजे आपणच आरोपी. गाईडने नवऱ्याला खाली बसवलं ते त्यासाठीच.

बोलण्याचंही तसंच. तुम्ही मासे मारता हे चूक आहे असं कोणी काठावरून तुम्हाला सांगितलं तर नुसतं बोलणं हा गुन्हा ठरवणं अवघड असतं. टेक्सासच्या कलमातच भाषणस्वातंत्र्याचा बचाव दिलेला आहे. १९८८ मध्ये कनेटिकटचा शिकाऱ्यांना त्रास देण्याविरुद्धचा कायदा फेडरल कोर्टाने याच कारणाने रद्द केला होता, एक बाई बदकं-हंसांच्या शिकाऱ्यांना जाऊन समजावत होत्या त्या प्रकरणात. आणि २०२३ मध्ये विस्कॉन्सिनच्या कायद्यातला शिकाऱ्यांच्या मागे राहून त्यांचे फोटो-व्हिडिओ काढण्याबद्दलचा भाग कोर्टाने टिकू दिला नाही. मला हे योग्य वाटतं. ज्याला मासेमारी पटत नाही त्याने बोलावं, पण माझ्या पोरांच्या बोटीभोवती मशीन घेऊन फिरू नये.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचं बघून घ्या, कारण शिकारीत आडवं येण्याविरुद्धचे कायदे सगळ्या राज्यांत आहेत, बऱ्याच ठिकाणी त्यातच मासेमारीही येते, पण शिक्षा वेगवेगळ्या. फ्लोरिडात पहिल्या वेळी ६० दिवसांपर्यंत जेल आणि ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा पुन्हा केलं तर वाढत जातो. मिशिगनने २०१५ मध्ये ड्रोन उडवून मासेमारीत व्यत्यय आणणंही बंद केलं. अलास्कात तर मासेमारीबरोबर नुसते प्राणी बघणाऱ्यांनाही अडवायचं नाही. याशिवाय १९९४ चा एक फेडरल कायदा आहे, नॅशनल फॉरेस्ट, नॅशनल पार्क, वाइल्डलाइफ रेफ्यूज (अभयारण्य) अशा जागांसाठी, त्यात मुद्दाम अडथळा आणला तर ५००० डॉलरपर्यंत आणि मारहाण किंवा धमकी असेल तर १०,००० डॉलरपर्यंत सिव्हिल दंड आहे. टेक्सोमाच्याच दक्षिण बाजूला हेगरमन नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज आहे, तिथे गळ टाकायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

परत ट्रिपकडे. या सगळ्यात आमचा तासाहून जास्त वेळ गेला, गाईडने न मागता तेवढा वेळ वाढवून दिला आणि तुटलेल्या दोरीचे, हरवलेल्या गळाचे पैसे घेतले नाहीत. धाकटी परत गळ हातात घ्यायला तयार नव्हती, तिला त्याने शॅडच्या टाकीवर नेमलं, प्रत्येकाला आमिष काढून द्यायचं काम, अर्ध्या तासात ती एकदम नॉर्मल. मराठीत बाबांशी आणि इंग्लिशमध्ये गाईडशी, मधली दुभाषी तीच.

धक्क्यावर आल्यावर मासे साफ करतानाचं एक सांगते. स्ट्रायपरच्या मांसात बाजूने एक लाल पट्टा असतो, तो काढला नाही तर उग्र वास येतो, तो काढून टाकायला सांगा, आमच्या गाईडने न सांगता काढला. पण ते लोक फक्त फिले (काट्याशिवायचे मांसाचे तुकडे) देतात आणि डोकी-काटे फेकून देतात! बाबांचा जीव कळवळला. दोन मासे अख्खेच ठेवायला सांगितले, फक्त खवले आणि पोट साफ करून, घरी डोक्यांचं कालवण आणि फिले रवा लावून तळले. मासा चवीला छान आहे, पापलेटसारखा नाजूक नाही, जरा घट्ट आहे, मसाला नीट धरतो.

अर्धा स्टार कशाचा कापला? मेसेजला उत्तर यायला खूप वेळ लागतो, कन्फर्मेशन आदल्या रात्री आलं, तोपर्यंत जायचं की नाही तेच कळेना. वेबसाइटवर लायसन्सबद्दल एक ओळ नाही, पाहुणे घेऊन येणाऱ्यांचा गोंधळ होतो. बोटीवर सावली नाही आणि टॉयलेटही नाही, वयस्कर माणसं आणि लहान मुलं असतील तर निघताना मरीनावर जाऊनच या. बाबांना उन्हाचा थोडा त्रास झाला, टोपी आणि पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

गाईड कोणताही घ्या, पण बुक करताना त्याचं टेक्सासचं फिशिंग गाईड लायसन्स आहे ना ते विचारा, मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का ते विचारा, आणि पाण्यावर कोणी भांडायला आलं तर तुम्ही काय करता हेही विचाराच. जो म्हणेल "बघून घेऊ त्याला", त्याच्याबरोबर जाऊ नका. लायसन्सचा स्क्रीनशॉट प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा, कोव्हमध्ये रेंज जाते. आणि एप्रिल-मे मधले शनिवार-रविवार फार लवकर भरतात, तेव्हा पाहुण्यांची तिकिटं झाली की लगेच फोन करा.